त्रिशंकू भाग

साताऱ्यात एक शब्द आहे. कायद्याच्या पुस्तकात तो नाही, पण पेपरात आणि लोकांच्या तोंडी वर्षानुवर्षं आहे: त्रिशंकू भाग. अजिंक्यताऱ्याच्या उताराला, शाहूनगर-गोडोलीच्या अंगाला वस्ती वाढत गेली. बंगले उठले, सोसायट्या झाल्या, किराणा दुकानं आली, शिकवण्या सुरू झाल्या. आणि २०२० पर्यंत ही वस्ती नगरपालिकेत नव्हती, ग्रामपंचायतीतही नव्हती. गटार तुंबलं तर तक्रार घेणारं टेबलच नव्हतं. पुराणातला त्रिशंकू एकटा लटकला होता. इथं मुलाबाळांसकट कुटुंबं लटकली.

हे कुठल्या आडगावात झालेलं नाही. मराठ्यांच्या राजधानीत झालं आहे.

शहर कसं वाढतं, या प्रश्नावर आपल्याकडे बिल्डर, हायवे, एमआयडीसी एवढीच चर्चा होते. मला वाटतं, पहिला प्रश्न वेगळा आहे. तिथं राज्य कुणाचं, आणि त्या राज्यकर्त्याला जाब विचारायला माणसानं कुठल्या दारात उभं राहायचं? सातारा आणि सांगली ही दोन शहरं यासाठी मुद्दाम बघण्यासारखी आहेत. छत्रपती, कंपनी सरकार, संस्थानिक, कलेक्टर, नगराध्यक्ष, महापौर, प्रशासक, यातलं बहुतेक सगळं या दोघांनी मिळून तीनशे वर्षांत पाहिलं. प्रत्येकानं जाताना आपला ठसा जमिनीवर ठेवला, आणि तो अजून दिसतो.

आधी मावशीचा दिवा सांगते. माझी एक मावशी अशाच एका हद्दीवरच्या वस्तीत राहते. गाव मुद्दाम सांगत नाही. तिच्या कोपऱ्यावरच्या खांबावरचा दिवा गेला. ती एका कार्यालयात गेली. तिथल्या माणसानं नकाशा उलगडला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "काकू, रस्त्याची ही बाजू आमच्यात येते. तुमचा खांब पलीकडं आहे." पलीकडच्या कार्यालयात सांगितलं, "खांब आमच्यात असंल, पण दिवे आम्ही लावलेले नाहीत." पाच-सहा खेपा झाल्या. शेवटी गल्लीतल्या सात घरांनी शंभर-शंभर रुपये काढले, वायरमनला बोलावलं आणि दिवा लावून घेतला. मावशी घरपट्टी दर वर्षी वेळेवर भरते. पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराखालच्या खणात ठेवते. त्या पावत्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं की मला राग येतो.

आता साताऱ्याकडे.

सातारा तासाभरात पायी वाचता येतं. राजवाड्यापासून निघायचं, मोती चौकातून राजपथानं पोवई नाक्यावर यायचं, तिथून सदर बझारात, आणि पुढे हायवेला. एवढ्या वाटेत चार राज्यं भेटतात.

पहिलं राजाचं. शाहू महाराज १७०८ साली गादीवर बसले आणि पुढे राजधानी किल्ल्यावरून पायथ्याला उतरली. शाहूनगर वसलं. मंगळवार, शनिवार, शुक्रवार अशा वारांच्या पेठा पडल्या. यादोगोपाळ, मल्हार, चिमणपुरा, व्यंकटपुरा अशाही पडल्या. एकोणिसाव्या शतकात प्रतापसिंह महाराजांचे हात इंग्रज रेसिडेंटानं अर्धे बांधले होते, तरी त्यांनी महाबळेश्वरचा रस्ता केला आणि महादऱ्याच्या बाजूनं डोंगरातलं पाणी उतारानं शहरात आणलं. पेठांतले हौद भरले. राजाच्या शहराचा हा एक गुण मला मान्य करावाच लागतो. राजा तिथंच राहतो. पेठेत पाणी नसेल तर वाड्यातही नसतं, आणि पेठेत पटकी आली तर ती वाड्याची भिंत बघून थांबत नाही. मोती तळं, मंगळवार तळं, फुटका तलाव ही नावं आजही पत्ते सांगायला वापरतो आपण. राजेशाहीची बाजू घ्यायची म्हणून हे सांगत नाही. वेठ होती, जातीप्रमाणे पाणवठे होते, कुणाची वस्ती कुठं हे जन्मावर ठरत होतं. पण पाण्यापुरता हिशेब सरळ होता: ज्याच्या हातात सत्ता, त्याच्याच घशाला कोरड.

दुसरं राज्य कंपनीचं. १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं राहिले. चौदा वर्षं! साताऱ्याचा निर्णय लंडनच्या ऑफिसात होत होता, म्हणून साताऱ्याच्या माणसाला जाब विचारायला समुद्र ओलांडावा लागला. तिकडूनही न्याय मिळाला नाही. १८४८ साली राजा निपुत्रिक वारला हे कारण दाखवून राज्य खालसा झालं. मग शहराचं तोंड फिरलं. पेठा पश्चिमेला राहिल्या आणि पूर्वेला कॅम्प आणि सदर बझार वाढले. ऐसपैस बंगले, सरळ रस्ते, मोठी झाडं. साहेबानं जुनं शहर सुधारलं नाही, त्याच्यापासून अंतर ठेवून नवं बांधलं. १८५३ साली नगरपालिका आली. पुढे कासचं पाणी आलं, तेही डोंगरउतारानं, पाटानं. आजही साताऱ्याच्या मोठ्या भागात कासचं पाणी पंपाशिवाय उतरतं, आणि त्याच्या चवीबद्दल सातारकर पाहुण्याला दोनदा सांगतो.

तिसरं राज्य मतांचं, चौथं प्रशासकाचं. इथं थोडं थांबायला हवं, कारण हे आपलं आहे.

स्वातंत्र्यानंतर शहर वाढलं आणि हद्द जागच्या जागी राहिली. २०११ च्या जनगणनेत सातारा शहर १,२०,१९५. शहराच्या बाजारात येणारा, शाळेत पोरं घालणारा, दवाखान्यात रांग लावणारा सातारा याहून कितीतरी मोठा होता. तो शाहूपुरीत होता, विलासपुरात होता, दऱ्याला होता, त्रिशंकू भागात होता. हद्दवाढीचा प्रस्ताव कित्येक दशकं लोंबकळला. का? कारण कुणालाच घाई नव्हती. ग्रामपंचायतीतल्या पुढाऱ्याला पद जाण्याची भीती. शहरातल्या पुढाऱ्याला नव्या मतदारांनी जुनं गणित मोडण्याची भीती. रहिवाशाला घरपट्टी वाढण्याची भीती, आणि ती भीती खोटी नव्हती. मंत्रालयाला तर फाईल थांबवायला भीतीचीही गरज नसते.

अखेर सप्टेंबर २०२० मध्ये हद्दवाढ मंजूर झाली. लोक म्हणाले, सुटलो. पण पुढचं बघा. डिसेंबर २०२१ मध्ये नगरपालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि प्रशासक आला. निवडणूक झाली ती डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणजे शाहूपुरीचा माणूस २०२० साली शहरात आला, त्याची ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला, वॉर्डातला सदस्य गेला आणि स्वतः निवडलेला नगरसेवक मिळायला पाच वर्षं लागली. आधी त्याला ग्रामपंचायतीचं दार तरी होतं. मग ते दार बंद झालं आणि दुसरं उघडलंच नाही.

ज्यांना ही फक्त तांत्रिक अडचण वाटते त्यांनी संविधान उघडावं. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. अनुच्छेद २४३-यू सांगतो की पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याच्या आत निवडणूक पूर्ण व्हायला हवी. पालिका मुदतीआधी बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत. आपल्याकडे ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभाग रचनेची ओढाताण, एका सरकारचा कायदा दुसऱ्यानं फिरवणं, यात वर्षांमागून वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये बजावलं, तेव्हा यंत्रणा हलली. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२३ ला संपली होती, मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. लोकसभा अशी महिनाभर तरी प्रशासकावर चालवून दाखवा. अख्खा देश रस्त्यावर येईल. शहरं चार-चार वर्षं चालवली आणि चहाच्या टपरीवर त्याचा विषयसुद्धा निघाला नाही.

नगराध्यक्ष कसा निवडायचा याचाही पत्ता नाही. २०१६ साली थेट जनतेतून. २०२० साली पुन्हा नगरसेवकांतून. २०२२ साली पुन्हा थेट. सहा वर्षांत तीनदा नियम फिरला, आणि तिन्ही वेळा तो मुंबईत फिरला. एकाही वेळी साताऱ्याला, कराडला, इस्लामपूरला कुणी विचारलं नाही की बाबांनो, तुम्हाला काय सोयीचं?

प्रशासक वाईट माणूस असतो असं माझं म्हणणं नाही. चांगले अधिकारी मी पाहिले आहेत. सकाळी सहाला कचऱ्याच्या गाडीमागे उभे राहणारे पाहिले आहेत. पण त्याची बदली होते. त्यानं घेतलेल्या निर्णयाचं पाणी ज्याच्या घरात शिरतं, तो माणूस त्याला पुन्हा कधी भेटत नाही.

युगांडाच्या कंपालात हाच प्रयोग कायदा करून झाला. राजधानीत विरोधकांचा महापौर निवडून येत होता. २०१० साली कायदा केला आणि पुढच्या वर्षी शहर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कार्यकारी संचालकाच्या हातात दिलं. महापौराला लॉर्ड मेयर हा मान राहिला, चाव्या गेल्या. पहिल्या संचालक जेनिफर मुसिसी कामाच्या होत्या. शहराचा महसूल दुपटीहून जास्त वाढला, रस्ते सुधारले. त्याच वेळी रस्त्यावरचे विक्रेते उठवले गेले, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला ज्याला त्यांनी मत दिलं होतं त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. एरियास लुक्वागो या महापौराला २०१३ साली ठराव करून हटवलं. २०१६ साली कंपालाच्या लोकांनी त्यालाच भरघोस मतांनी परत आणलं. चांगले रस्ते मिळाले होते, तरी आणलं. मला यातलं लोकांचं म्हणणं स्वच्छ ऐकू येतं: खड्डा बुजवलात, बरं केलंत, पण माझ्या गल्लीचं मला विचारून करा.

आणि आपल्या महापौराकडे तरी काय आहे? अडीच वर्षांची मुदत आणि सभेचं अध्यक्षपद. कार्यकारी अधिकार आयुक्ताचे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. कंपालाला त्यासाठी नवा कायदा करावा लागला. आपल्याकडे तो पहिल्यापासून आहे.

सांगली वेगळ्या वाटेनं वाढली. तिचा जन्मच भाऊबंदकीतला. मिरजेच्या पटवर्धनांत चुलत्या-पुतण्याचं पटेना, म्हणून १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या छोट्या सांगलीत राजधानी केली. गणेशदुर्ग बांधला, नदीकाठी गणपतीचं मंदिर उभं केलं, व्यापारी आणून वसवले. पुढे मिरजेचीही वाटणी झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. धाकटीची राजधानी बुधगावला. सायकलवर सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी एकाच घराण्याच्या तीन राजधान्या फिरून होतील, इतक्या जवळ.

वाटणीचा एक परिणाम चांगला झाला. संस्थानं छोटी होती आणि शेजारी शेजारी होती. शेजारच्यापेक्षा आपल्याकडे काहीतरी चांगलं असावं ही ईर्ष्या होती. मिरजेला रेल्वे जंक्शन आणि मिशनचं इस्पितळ, सांगलीला हळदीचा बाजार, १९१९ ला विलिंग्डन कॉलेज. औंधसारख्या छोट्या संस्थानानं तर कमाल केली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावात होता. तिथल्या नगरपालिकेला उपनगर वाढवायला जागा हवी होती, म्हणून त्यांना ती जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि बिनव्याजी कर्ज दिलं. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि साप होते तिथं कारखाना, घरं, शाळा झाली.

बेळगावच्या पालिकेनं शहर वाढवायला कारखाना घालवला, औंधच्या राजानं कारखाना आणून शहर वाढवलं. याच औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपल्याच हातातली सत्ता घटना करून खेड्यांना दिली. गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची खटपट होती. ७२ खेड्यांचं संस्थान, खाली गावपंचायत, मग तालुका, मग विधिमंडळ. सत्ता खालून वर. आज आपण वरून खाली निधी येण्याची वाट बघतो, तेव्हा या भागात ८७ वर्षांपूर्वी उलटा प्रवाह चालू झाला होता हे आठवत राहतं. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली आणि तो प्रयोगही तिथंच मिटला.

विलीनीकरण योग्यच झालं, त्यात वाद नाही. पण त्यानंतर प्रत्येक गावचा निर्णय एकाच गावात, मुंबईत, होऊ लागला. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली. ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून महापालिका केली. एकमेकांपासून वेगळं होण्यासाठी ज्यांनी राजधान्या बदलल्या, त्यांना एका सहीनं एका छपराखाली आणलं. कागदावर मोठं शहर झालं. २०११ ला ५,०२,७९३. पण मिरजेचा माणूस आजही म्हणतो, "सगळं सांगलीला." आणि कुपवाडचा दोघांकडं बघून म्हणतो, "आमच्यात एमआयडीसी, तुमच्यात रस्ते."

सांगलीचं खरं दुखणं मात्र नदीकडे आहे.

आयर्विन पूल १९२९ चा. पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे जुलै-ऑगस्टात सांगलीत सगळे एकमेकांना विचारतात, तब्येत विचारावी तसं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २००५ ला ५३ च्या वर गेलं. २०१९ ला ५७ च्या वर. २०२१ ला पुन्हा ५४ च्या आसपास. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, मगरमच्छ कॉलनी, शामरावनगर: ही नावं बाहेरच्याला पुराच्या बातम्यांतूनच माहीत. मगरमच्छ कॉलनी! नावातच नदीनं सांगून ठेवलं होतं.

शामरावनगरात एका घरी गेले होते. भिंतीला नवा गुलाबी रंग होता, पण खिडकीच्या वर एक पिवळट आडवी रेघ रंगातून परत वर आली होती. विजेचं बटण शोधायला नेहमीसारखा कमरेजवळ हात गेला, तिथं काहीच नव्हतं. घरातल्या बाईंनी स्टूल दिलं. सगळे स्विचबोर्ड डोक्याच्या वर नेलेले. "दोनदा जळालं, आता वर घेतलंय," त्या म्हणाल्या. फ्रीज सिमेंटच्या चौथऱ्यावर, गादीचं कपाट माळ्यावर. शहराचा विकास आराखडा जे करू शकला नाही ते त्या बाईंनी स्टुलावर चढून केलं होतं.

तिथं घर बांधलंच का, असं विचारणारे भेटतात. विचारण्याआधी गुंठेवारी समजून घ्या. शेतजमीन बिगरशेती न करता गुंठ्या-गुंठ्यानं विकायची. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, तरी विकायची. ले-आउट नाही, खुली जागा नाही, रस्ता दहा फुटांचा. सातबाऱ्यावर नावांची जत्रा. हमाल, गिरणीतला कामगार, एसटीचा वाहक, हळदीच्या पेठेतली बाई, यांना विश्रामबागेच्या उंचावरचा प्लॉट परवडत नाही. काळ्या रानातला खोलगट गुंठा परवडतो. त्यांनी आयुष्याची पुंजी घालून तो घेतला. विकणारा मोकळा झाला.

मग मतांचं राज्य आलं. २००१ साली राज्यानं गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला, १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांसाठी. २०२१ साली दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. गरिबाचं घर पाडू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण तारीख पुढे सरकली की बाजाराला कळतं, ती पुन्हा सरकणार. पुढची वीस वर्षं विकणारा त्या भरवशावर विकतो. पाटबंधारे खातं निळी रेषा आखतं, पंचवीस वर्षांतून एकदा पाणी जिथवर येईल ती. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याची. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर बोट ठेवलं. रेषा नकाशावर आहेत. त्या विकणाऱ्याला दिसत नाहीत, खरेदीखत करणाऱ्याला दिसत नाहीत, वीजजोड देणाऱ्याला दिसत नाहीत. पुराच्या पाण्याला तेवढ्या बरोबर दिसतात.

म्हणून निवडणूक झाली की सगळं सुरळीत होईल असं मी म्हणणार नाही. सांडपाण्याचा शेरीनाला कृष्णेत मिसळतो, तो वळवून धुळगावला नेऊ, हे सांगलीनं किती निवडणुकांत ऐकलं ते मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. निवडून आलेल्यांच्या काळातच भराव पडले, नाले वळले, ओत बुजले. ओत म्हणजे पुराचं पाणी पसरायची नैसर्गिक वाट. मत देणारा माणूस पाच वर्षांचा विचार करतो, नदी शंभर वर्षांचा. पण निवडून आलेल्या माणसाला चिखलात उभा करून विचारता तरी येतं. २०१९ च्या ऑगस्टात लोकांनी विचारलं. तोंडावर विचारलं. २०२३ नंतर ते विचारायला कुणाकडे जायचं होतं?

कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, "एकहाती सत्ता पायजे. एकच माणूस, खटाखट निर्णय." त्यांना रवांडाचं किगाली दाखवायला हवं. आफ्रिकेतलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून नाव आहे. आराखडा २०१३ चा, सुधारून २०२० चा, आणि तो खरोखर पाळला जातो. याचं मला कौतुक आहे. त्याच किगालीत बन्याहे नावाची गरिबांची वस्ती होती. रहिवासी म्हणत होते, जागेची भरपाई रोख द्या. सरकार म्हणत होतं, दुसरीकडे फ्लॅट घ्या. वर्षानुवर्षं भांडले, कोर्टात गेले. २०२२ साली वस्ती पाडली. शामरावनगरातल्या स्टूलवाल्या बाईंना उद्या एकहाती सत्तेनं उचलून कुठं नेलं, तर कट्ट्यावरचा तो माणूस त्यांच्या बाजूनं उभा राहील का?

आता पैसा. याशिवाय सगळं बोलणं फोल आहे. नगरपालिकांची जकात १९९९ ला गेली. महापालिकांत जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. सांगलीच्या व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले. २०१५ ला तोही बहुतेकांसाठी गेला, २०१७ ला जीएसटीनं उरलेलं संपवलं. नाक्यावरची दादागिरी गेली याचा आनंद मलाही झाला. पण शहराच्या हातची स्वतःची मोठी कमाई गेली आणि भरपाईचं अनुदान महिन्याच्या महिन्याला मुंबईहून यायला लागलं. स्वतःची कमाई नसलेला कर्ता घरात जसा वागतो तशी आपली शहरं वागतात. वर बघतात.

लागोसचं उदाहरण मला इथं फार मोलाचं वाटतं. २००४ साली नायजेरियाच्या केंद्र सरकारनं विरोधी पक्षाच्या लागोस राज्यातल्या स्थानिक संस्थांचा निधी अडवला. निमित्त होतं नव्या स्थानिक परिषदा स्थापन केल्याचं. सर्वोच्च न्यायालयानं निधी अडवणं चूक ठरवलं, तरी पैसा लवकर आला नाही. लागोसनं स्वतःची करवसुली नीट बसवली. उत्पन्न काही पटींनी वाढलं, आणि कर भरणारा माणूस रस्त्याचा, बसचा हिशेब मागू लागला. तिथंही झोपड्या बळानं हटवल्या गेल्या, त्याचं समर्थन कुणी करू नये. पण कर आणि जाब एकमेकांचा हात धरून येतात, हे तिथं दिसलं. साताऱ्याच्या नव्या हद्दीतल्या माणसाकडून पाच वर्षं घरपट्टीची अपेक्षा होती आणि जाब विचारायची जागा नव्हती. हे उलटं आहे, आणि अन्यायाचं आहे.

नव्यानं निवडून आलेल्या साताऱ्याच्या आणि सांगलीच्या सभासदांना माझं मागणं थोडकं आहे. साताऱ्यात हद्दवाढीच्या भागासाठी अर्थसंकल्पात वेगळं पान करा; रस्ता, गटार, दिवे, पाणी, गल्लीवार, आणि ते पान चौकात लावा. सांगलीत निळी रेषा जमिनीवर उतरवा. दगड रोवा, त्याला निळा रंग द्या, आकडा टाका. गुंठा घ्यायला आलेल्या माणसाला दलालाच्या आधी तो दगड दिसू दे. वॉर्डसभा कायद्यात आहेत, त्या घ्या. आणि २०३० साली कुणी पुन्हा प्रशासक बसवायला निघालं तर पक्ष बाजूला ठेवून विरोध करा. मुंबईत तुमचे आमदार आहेत, दिल्लीत खासदार आहेत, या दोन जिल्ह्यांतून मुख्यमंत्रीसुद्धा गेले आहेत. त्यांना एकदा तरी शहरासाठी भांडायला लावा.

परवा मावशीकडे गेले होते. तिच्याकडेही मतदान झालं. निवडून आलेला पोरगा आभार मानायला गल्लीत आला होता, तर तिनं त्याला आत बोलावलं, चहा दिला, खणातून पावत्यांची पिशवी काढली आणि एकेक त्याच्या पुढ्यात मांडली. मग त्याचा नंबर घेतला. दाराच्या मागच्या बाजूला गॅसवाल्याच्या आणि दूधवाल्याच्या नंबराखाली तिनं तो खडूनं लिहिला आहे. मोठ्या अक्षरात, चष्मा नसला तरी वाचता येईल असा.